फुटलेला चहा

विठाबाईनं त्या दिवशी गोठा तीनदा लोटला. एकदा लोटून काय झालं नव्हतं? पण हाताला काम नसलं की डोकं भलतीकडं धावतं, आणि तिचं डोकं सकाळपासनं गगनबावड्याच्या बाजूला धावत होतं. तिकडं घाटमाथ्यावरच्या एका गावात तिची अनुजा दिलेली. लग्नाला दोन वर्षं झाली, कूस अजून उजवली नव्हती. जावई शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला, आठवड्यातनं एकदा घरी येणारा. गेले दोन महिने पोरीचा फोन आला की मागं सासूचा, धोंडुबाईचा, खोकला ऐकू यायचा. फोन कायम स्पीकरवर. "बरी हाय आई, बरी हाय," एवढंच पोरगी बोलायची. दोनदा बरी हाय म्हणणारं माणूस बरं नसतं, हे काय शाळेत जाऊन शिकावं लागतं?

म्हणून तिनं नवऱ्याला, हंबीररावाला, पाठवलं होतं. स्वतःच जायची, पण म्हैस परवा व्यालेली आणि ती दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नव्हती. निघताना विठाबाईनं गुळाची लहान ढेप पिशवीत घातली.

"पोरीच्या हातचा गुळाचा चहा पिऊन या. आणि कसा झालता ते मला येऊन सांगा."

"एवढा घाट चढून चव बघायला जाऊ व्हय?" हंबीरराव हसला होता.

"चव न्हाय. कसा झालता ते सांगा."

आता चहाचं म्हणाल तर ह्या आळीत घरटी एक तऱ्हा. शेजारच्या लालबीचा चहा दुधाचाच, वेलदोडा घालून तांबडा होस्तोवर आटवलेला, आणि त्यात खारी बुडवल्याशिवाय तिचा दिवस उगवत नाही. पलीकडची झुंबरबाई सगळं दूध डेअरीला घालती आणि घरात कोरा पिती. घाटावरची माणसं पावसाला कंटाळून गवती चहाची पात उकळत्यात. हंबीररावाला मात्र गुळाचाच लागायचा, बशीत ओतून, लांबनं ऐकू येईल असा फुर्र करून.

पण गुळाचा चहा मोठा खोडील. गूळ नि दूध एकत्र उकळलं की फुटलाच म्हणून समजा, वर पाणी आणि खाली चोथा. पत्ती नि गूळ आधी उकळायचा, पातेलं खाली घ्यायचं, मग वरनं तापलेलं दूध सोडायचं. अनुजा दहा वर्षांची असताना हे शिकली, आणि तिच्या हातनं चहा एकदा म्हणून फुटला नव्हता. हंबीरराव पारावर बसून ही गोष्ट आल्यागेल्या पावण्याला सांगायचा.

तीनच्या सुमाराला तो आला. घाटावरचा पाऊस अंगावर घेऊनच आला होता, धोतराला गुडघ्यापर्यंत तांबडी माती. विठाबाईनं खराटा टाकला.

"आलासा? कशी हाय पोरगी?"

"बरी हाय की. जरा वाळलीया. पाऊस काय म्हणतीस, तिकडं चार दिस ऊन न्हाय. भिंतीला सुदिक बुरशी आलीया."

"भिंत मरू दे. चहा?"

"त्येचं नाव काढू नगंस बाई." हंबीरराव खांबाला टेकून बसला. "अब्रू घालवली पोरीनं. एवढा आपला गूळ, एवढं दूध, आणि फुटका चहा आणून ठेवला माज्याम्होरं! नुसता चोथा. इहीणबाई बघायल्या माज्या तोंडाकडं."



"फुटला? अनुजाचा?"

"तर काय सांगतुया! मला तर काय बोलावं कळंना. मग हसण्यावारी न्हेलं. म्हणलं, इहीणबाई, आमच्या लाडानं बिघडलीया, तुमी वळण लावा. दोन रट्टं दिलं तरी आमची काय तक्रार न्हाय."

"आणि ती?"

"कोण?"

"माजी लेक! ती काय म्हणाली?"

"काय म्हणती? बशी उचलली आणि आत गेली. बघत हुती माज्याकडं, येड्यागत."

विठाबाई मटकन खाली बसली. तिनं कपाळावर हात मारून घेतला, एकदा नाही, दोनदा. हंबीरराव घाबरला.

"अगं, झालं काय? चहाच हाय न्हवं?"

"तुमाला आठवतंय, आपल्या लग्नाच्या दुसऱ्या वर्सी माजा दादा आलता?"

"विजयसिंह? व्हय की. तुजी आई आजारी हाय म्हणून घिऊन गेला. चार म्हैनं आली न्हाईस."

"आई धडधाकट हुती." विठाबाईचा आवाज खाली गेला. "त्येच्या आदल्या दिवशी तुमी मला कासऱ्यानं मारलंतं. पाठ कुणाला दाखवू? सासूबाई म्होरं बसलेल्या. मी दादाम्होरं चहा ठेवला, मुद्दाम फोडून. आमचं घर गुऱ्हाळाचं. आमच्या पोरींचा चहा फुटत न्हाय, हे त्येला ठावं. त्येनं एक घोट घेतला, माज्याकडं बघितलं आणि म्हणाला, आई आजारी हाय, हिला न्हेतो."

हंबीररावानं धोतरावरची माती खरवडायला घेतली. गोठ्यात रेडकू ओरडत होतं.

"अनुजाच्या हळदीदिवशी मी तिला तेवढंच शिकवलं. म्हणलं, बाई, तोंड उघडता येईना तर चहा फोड. आमी समजू."

"मग मला का न्हाय सांगितलंस?" हंबीरराव ओरडला. "जाताना का न्हाय बोललीस?"

"काय सांगू? तुमच्यापायी शिकलेली इद्या तुमालाच सांगू? लाज वाटली मला. दादा असता तर त्येलाच धाडला असता. आता त्यो बी न्हाय." आणि ती रडायला लागली. "माजं चुकलं. मीच मारलं पोरीला."

कुडापलीकडनं लालबीनं सगळं ऐकलं होतं. ती डोक्यावरचा पदर सावरत आत आली.

"इठाक्का, रडायला रात पडलीया. ऊठ. आमचा सोहेल टेम्पो घिऊन आताच आलाय. भाड्याचं नाव काढाय न्हाय, चपला घाल."

सोहेल म्हणजे लालबीचा थोरला, दोन लेकरांचा बाप. त्यानं तोंडातला घास टाकून गाडी काढली. म्हैस लाथ मारंल तर मारू दे म्हणत धार लालबीनं अंगावर घेतली. वाटेत पावसानं काच दिसेना. सोहेल मान बाहेर काढून गाडी हाकत होता, आणि हंबीरराव मधल्या सीटवर दोन्ही गुडघे धरून बसला होता. कळे गाव येईपर्यंत तो एकदाच बोलला, "लईच लागलंतं का गं तवा?" विठाबाईनं पदरानं काच पुसली.

दिवस मावळायच्या आत ते पोचले. धोंडुबाई उंबऱ्यात उभी होती, हातात सुपारी.

"आता आणि काय इसरलं, पावणं?"

"अनुजा कुठं हाय?" विठाबाई तिला ढकलूनच आत गेली. पोरगी चुलीपाशी बसली होती. उजवा हात मनगटापासनं कोपरापर्यंत लाल, वर फोड आलेले, त्यावर कशीबशी हळद थापलेली. आईला बघून ती उठलीसुद्धा नाही.

"आधण सांडलं," ती म्हणाली. धोंडुबाईकडं बघून म्हणाली.

"व्हय, सांडलं," धोंडुबाई म्हणाली. "फुटलेला चहा हातावर घिऊन बघ म्हणलं, म्हंजे पुन्यांदा फुटत न्हाय. माज्याकडं काय बघतासा, हंबीरराव? तुमीच सांगून गेलासा न्हवं, वळण लावा म्हणून?"

  ह्या बाईला द्यायचे शब्द हंबीरराव आधीच देऊन बसला होता. त्यानं डोक्याचा पटका सोडला, पोरीच्या अंगावर टाकला आणि म्हणाला, "चल."

धोंडुबाई मागनं ओरडत राहिली, पोरगा आला की बघून घेईल म्हणाली. सोहेलनं गाडी चालूच ठेवली होती. कोल्हापुरात सरकारी दवाखान्यात पट्टी बांधून घेतली. डॉक्टरीणबाईनं कसं भाजलं म्हणून विचारलं, तेव्हा विठाबाईनं सगळं नावागावानिशी सांगितलं आणि लिहून घ्या म्हणाली.

सकाळी विठाबाई धार काढून आली, तर स्वयंपाकघरात खडखडाट. जन्मात ज्यानं गॅसचं बटण पिळलं नाही, तो हंबीरराव ओट्यापुढं उभा. पत्ती, गूळ, दूध, सगळं एकदम टाकून उकळत होता. विठाबाई दारातनं बघत राहिली. सांगावं असं तिला वाटलं नाही.

त्यानं बशीत ओतला आणि अनुजापुढं धरला. तिचा उजवा हात पट्टीत, म्हणून बशी त्यानंच धरून ठेवली. पोरीनं खाली बघितलं. वर पाणी, खाली चोथा.

"तात्या," ती हळू म्हणाली, "फुटलाय."

"व्हय," हंबीरराव म्हणाला.  "आता कळतंय मला."