ब्रदर डेलमरची नोट

त्या रविवारी चर्चच्या तळघरात मुंगी शिरायला जागा नव्हती. भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या हॉटडिशच्या बश्या मांडीवर घेऊन अख्खं गाव, मंतरलेल्या तेलाने आजार बरे करत गावोगाव फिरणाऱ्या ब्रदर डेलमरकडे टक लावून बसलं होतं. अंगात सोनेरी बटणांचा कोट, पायात टाच वाजणारे बूट आणि हातात डॉलरची कोरी नोट!

"ज्याच्या नसांत पाप नाही, त्याच्या बोटांतून ही सुटायची नाही!" तो गरजला.

तो नोट उभी धरी. समोरच्याने तिच्या मध्याशी दोन बोटं उघडी ठेवायची आणि डेलमरने सोडली की पकडायची. महापौर हरले, आइस हॉकीचा गोलरक्षक हरला. जिंकली फक्त डेलमरची मदतनीस वांडा, तीही तीनदा.

"माझ्या तेलाने हिच्या नसा धुतल्यात, बघा!"

मग शाळेची बस चालवणारा आर्विड उठला. तीनदा हरला आणि पांढराफटक पडला.

"तुझ्या नसा गंजल्या रे! हे डॉक्टरी विष इथे टाक," डेलमरने परडी पुढे केली.

आर्विडने हृदयाच्या गोळ्यांची बाटली काढली. त्याची बायको सोल्वेग रडकुंडीला आली. "अरे, एक दिवसही चुकवू नको म्हणालेत ना डॉक्टर!"

"आणि या गंजक्या नसांनी ब्रेक मारायला उशीर झाला तर? बसमध्ये चाळीस पोरं असतात, सोल्वेग!"

आम्हा मिनेसोटाकरांना पाहुण्याला उलट प्रश्न विचारवत नाही. हॉटडिशचा शेवटचा तुकडासुद्धा "तू घे, तू घे" करत आम्ही वाळवतो. याच भिडेवर डेलमर आठवडाभर फुकट जेवत होता. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. भीड माझ्या वाट्याला कमीच आली.

"ब्रदर, एकदा तुम्हीच पकडा ना. मी सोडते."

"मी? मला कसली परीक्षा, बाई?"

"पकड की रे बाबा, कॉफी निवतेय," मागून पास्टरांची ऐंशी वर्षांची आई म्हणाली.

नोट पडली. दुसऱ्यांदा पडली. तिसऱ्यांदाही पडली. आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळं तळघर.

मी कागदी टेबलक्लॉथवर गणित मांडलं. "पडणाऱ्या वस्तूचा वेग सारख्या दराने वाढतो. अंतर म्हणजे अर्धं गुणिले नऊ पॉइंट आठ गुणिले वेळेचा वर्ग. नोटेचा वरचा अर्धा भाग आठ सेंटिमीटर, म्हणजे तो बोटांतून निसटायला सेकंदाचा आठवा भाग. आणि धडधाकट माणसाची बोटं मिटायला पाचवा भाग लागतो!"

"मग वांडा कशी पकडते?" सोल्वेगने विचारलं.

"तिच्या वेळी याची टाच आधी वाजते. ती नोट बघतच नाही, टाच ऐकते."

वांडा लगबगीने बश्या गोळा करू लागली.

मग मी मोठी पट्टी आणली आणि आर्विडच्या बोटांत सोडली. त्याने ती अठरा सेंटिमीटरवर पकडली. "शून्य पॉइंट एकोणीस सेकंद! ब्रेक शाबूत आहे तुझा."

आर्विडचे डोळे भरून आले. त्याने बाटली खिशात टाकली आणि कुणालाही न विचारता हॉटडिशचा शेवटचा तुकडा उचलला.

मंडळी, चमत्कार करणाऱ्याला एवढंच सांगा, आधी स्वतः करून दाखव. हा उद्धटपणा नव्हे. त्या दिवशी भीड धरली असती, तर आर्विडच्या गोळ्या परडीत गेल्या असत्या.