खोटे चार दिवस

कानबाईदेवीच्या सणाचं, नैवेद्याच्या रोटांचं दळण जात्यात पडलं होतं आणि वच्छलाबाईनं अंगणात तोंड सोडलं.

"हाई प्रमिला बाहेर बठस ते बठ्ठं खोटं शे! गया सोमवारले बठनी, काईच नई व्हतं. नी आखाजीना सनले खरंच पाळी उन्ही व्हती, तवय पितरेसना सयपाक इन्हीच करा!"

जातं थांबलं. गल्लीतल्या चार बाया दळायला आल्या होत्या, त्यांचे हात पिठातच राहिले. प्रमिलानं जेठाणीकडं, थोरल्या जावेकडं, पाहिलं. दोन वर्षं जे हिच्या एकटीजवळ ठेवलं होतं, ते या बाईनं असं चव्हाट्यावर आणलं! आणि कशापायी? यंदा कानबाई डोक्यावर घेऊन नदीवर जायचा मान सासूनं धाकटीला दिला, एवढ्यापायी.

मुळात प्रमिलाची पाळी वेळेवर येतच नव्हती. कधी दीड महिना, कधी तीन. लग्नाच्या पहिल्या वर्षी दोन महिने चुकले, तेव्हा सासूनं, भिकुबाईनं, गल्लीभर साखर वाटली. तिसऱ्या महिन्यात अंगावर गेलं, तशी तीच भिकुबाई आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. दुसऱ्या बायकोचा विषयही जेवताना निघायला लागला. तेव्हापासून प्रमिलानं हुशारी केली. महिना भरला की गोठ्यात गोणपाट टाकून चार दिवस बसायचं, काही असो वा नसो. आणि खरंच आलं की कळा सोसत चुलीपाशी राबायचं. गल्ली तारखा मोजते, तर गल्लीला तारखा द्यायच्या. त्या चार दिवसांत वच्छला न शिवता वरून पाणी द्यायची. पाळीचे कपडे कधी वाळत पडलेले दिसत नाहीत हे तिनंच हेरलं, आणि प्रमिलानं रडत सगळं सांगून टाकलं. वेडीच पोर!

"खरं शे का व?" भिकुबाईनं विचारलं.

"शे," प्रमिला म्हणाली.

"दळन ढोरेसले टाका. इन्हा हात लागना, बठ्ठं बाटी गयं!"

प्रमिलानं नवऱ्याकडं पाहिलं. झुलाल दारातच उभा होता. "माले काय इचारस? हाई बायकासनं काम शे," म्हणून तो बैल सोडायला गेला. तिला जेठाणीइतकाच त्याचाही राग आला.

"अक्का, मनी मायले नई सांगं, ते तुले सांगं," एवढंच ती वच्छलाला म्हणाली.

कानबाई वच्छलाच्याच डोक्यावर नाचत नदीला गेली. त्या दिवशी गाव नदीवर होतं आणि प्रमिला एसटीत. आता लपवायला उरलंच काय होतं?

शिरपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "घाबरू नका, अशा कितीतरी बाया येतात माझ्याकडे. आधी रक्त तपासू, मग गोळ्या. आणि अंगावर जाईल त्याच दिवशी कॅलेंडरवर खूण करायची. खरी. खोटे चार दिवस मला चालणार नाहीत."

"पोर व्हई का?"

"बऱ्याच जणींना होतं. पण सहा महिने तरी धीर धरा."

प्रमिलानं घरात, सगळ्यांच्या नाकासमोर, कॅलेंडर टांगलं. भिकुबाई महिनाभर त्याच्याकडं पाठ करून जेवली.

पोळा झाला. एका दुपारी प्रमिला गोठ्यात कडबा तोडत होती, तेव्हा वच्छला पदर चाचपत आली.

"प्रमिला, मनी सुनंदी... मांगला वरीसले तिनं सुरू व्हयनं. आते चार महिना व्हई ग्यात, काईच नई. पोर लगीनले येई आते. तू गयती ती डॉक्टरीण..."

तिला हाकलून द्यावं असं प्रमिलाच्या अगदी जिभेवर आलं. पण सुनंदीचा काय दोष? प्रमिला लग्न होऊन आल्यापासून पोर तिच्याच हातची भाकरी खात होती.

"कवळ्या पोरीसले पहिले वरीस-दोन वरीस मांगेपुढे व्हस. पन चार महिना म्हंजे दखाडाले पाहिजे. सोमवारनी गाडीवर लई जासू मी."

वच्छलाचे डोळे भरून आले. इकडंतिकडं बघत ती हळूच म्हणाली, "पन कोनले सांगू नको व!"

प्रमिलानं कोयता खाली ठेवला.

"मी नई सांगाऊ. पन सुनंदीले एक सांगी ठेव, अक्का. आते तिनं जे काय व्हई, ते तिनी माले सांगानं. तुले नई."

वच्छलानं मान डोलावली. दुसरं काय करणार होती!