हरिभाऊंची हलकी बॅग

मित्रांनो, बोर्डीच्या एका चिकूवाडीतल्या घरात, पडवीच्या वाशाला मी लटकतो आहे. मी वजनाचा जुना काटा आहे, टांगायचा. वर कडी, खाली आकडा आणि मधे घड्याळासारखी गोल तबकडी. घर सध्या बंद आहे. बोलायला कोणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो.

गुजरातेतल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. आमचे मालक हरिश्चंद्र, म्हणजे हरिभाऊ, तेव्हा तरुण होते. त्यांनी मला डहाणूच्या बाजारातून आणलं. मग कित्येक वर्षं सकाळ झाली की चिकूच्या टोपल्या माझ्या आकड्याला लागायच्या. वाडीत काम करणारा लाहू टोपली उचलायचा आणि हरिभाऊ वजन मोठ्याने वाचायचे. व्यापारी म्हणायचे, "या वाडीचा माल परत तोलायला नको." ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

पुढे वाडीत विजेवर चालणारा सपाट काटा आला. माझं काम संपलं. कुंभारमाशीने माझ्या पाठीवर मातीचं घर बांधलं, तबकडीवर धूळ साचली. माझ्याकडे मान वर करून बघायचीही कोणाला सवय राहिली नाही.

पण मला सगळं दिसत होतं. हरिभाऊंची एकुलती एक मुलगी भाविका लग्न होऊन कॅनडाला गेली. घरात हरिभाऊ आणि त्यांची बायको, हिरकणीवहिनी, दोघंच उरली. भाविकाचा फोन आला की वहिनी पडवीत येऊन स्पीकरवर बोलायच्या. आत रेंज नसायची. हरिभाऊ झोपाळ्यावर बसून ऐकायचे. "बाबा बरे आहेत ना?" "बरे आहेत." तेवढ्यावर त्यांचा विषय संपायचा. ते पायाने हळूच झोका द्यायचे आणि वाडीकडे बघत राहायचे.

यंदा भाविकाला दिवस गेले. नाताळच्या सुट्टीत विमानं भरलेली असतात, म्हणून जावयाने गणपतीतच हरिभाऊ-वहिनींची डिसेंबरची तिकिटं काढून ठेवली. मग फोनवर एकच बोलणं सुरू झालं. आई, सुकवलेला चिकू आण. आई, डिंकाचे लाडू आण. आई, बाळाला मऊ गोधडी आण. वहिनींची बॅग फुगत गेली. हरिभाऊंची बॅग कोपऱ्यात नुसती उभी होती.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "अहो, आज वीज गेलीय, तो जुना काटा साफ करून घ्या. विमानात ठरल्यापेक्षा एक किलोसुद्धा जास्त चालत नाही म्हणे. आणि गाडीवाल्या सुनिलचा फोन होता, उद्या गाडी दुपारीच काढू म्हणतो. सुट्टीची गर्दी आहे, मुंबईच्या वाटेवर चारोटीच्या टोलनाक्यालाच अडकायला होईल."

लाहूने मला खाली काढलं, तबकडी पुसली, तेलाचे थेंब सोडले आणि पुन्हा टांगलं. मित्रांनो, किती वर्षांनी कोणाचा हात लागला होता मला!

वहिनींची बॅग अडकवली, तशी सुई सरसर पुढे गेली. बिडाचा तवा बाहेर निघाला, लोणच्याची बरणी निघाली, तरी वजन जास्तच. मग लाहूने हरिभाऊंची बॅग अडकवली. सुई जेमतेम हलली.

"काटा बिघडला वाटतं," वहिनी म्हणाल्या.

माझा जीव कासावीस झाला. मला तोंड असतं तर तिथेच सांगितलं असतं.

"काटा बरोबर हाय, वहिनी," लाहू खालच्या आवाजात म्हणाला. "बॅगच रिकामी हाय."

वहिनींनी बॅग उघडली. आत एक टॉवेल आणि दोन जुने सदरे होते. त्यांनी हरिभाऊंकडे पाहिलं. लाहू विहिरीकडे निघून गेला.

"तुम्ही येणार नव्हतात," वहिनी म्हणाल्या.

"तुला गाडीत बसवून परत आत येणार होतो. मी गेलो तर घराला कुलूप लागेल."

"कुलपाचं सांगू नका मला."

हरिभाऊ झोपाळ्यावर बसले. मग म्हणाले, "तीन महिने तिने तुला काय काय आणायला सांगितलं. माझ्याकडून काही मागितलं का? मला तिकीट आलंय, हिरकणी. बोलावणं नाही आलं."

वहिनी पायरीवर बसल्या. "तुम्ही बरोबर असणार म्हणून मी हो म्हटलं. एवढ्या मोठ्या विमानतळावर कुठल्या रांगेत उभं राहायचं तेही मला कळणार नाही. रात्र रात्र झोप लागत नाही मला."

"कधी बोलली नाहीस."

"त्यात काय बोलायचं, असं वाटायचं."

हरिभाऊ उठले. वहिनींच्या बॅगेतली गोधडी आणि लाडवांचे डबे त्यांनी आपल्या बॅगेत ठेवले. मग आत जाऊन कपाटातला लोकरी स्वेटर शोधून आणला आणि तोही बॅगेत वर ठेवला. दोन्ही बॅगा परत माझ्यावर चढल्या आणि दोन्ही वजनात बसल्या.

"भाविकाला फोन लाव," ते म्हणाले. "बाळासाठी माझ्या हातचं काय हवं, ते मीच विचारतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनिलची गाडी दोघांना घेऊन गेली. मला उतरवून ठेवायचं गडबडीत राहूनच गेलं. आता लाहू झाडांना पाणी द्यायला येतो, दाराचं कुलूप ओढून बघतो आणि जातो. दिवसभर चिकूच्या पानांची सळसळ तेवढी ऐकू येते. रुसलो नाही मी, पण करमत नाही, हे खरं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला अधूनमधून पुसा, तेल द्या, म्हणजे ती गंजणार नाही. आणि लांबच्या फोनवर कोणी गप्प बसून ऐकत असेल, तर त्याला नावाने हाक मारा. तो बरा आहे का, हे दुसऱ्याला विचारू नका.