आण्णांच्या तळहातावरचा नारळ

पुण्याला मानसोपचाराचं शिकून आलेल्या सुषमानं ठरलेलं लग्न मोडलं, ते साल दोन हजार बावीस. नवऱ्याकडच्यांचं म्हणणं, कुरकुंभच्या कंपन्यांतल्या बायांत बसून श्वास घ्या, श्वास सोडा करणं आता बंद. तिनं लग्नच बंद केलं. आजोबा आण्णांनी कपाळाला हात लावला. त्या हाताला तेव्हा फार भाव होता, कारण त्याच हातावर नारळ उभा राहायचा.

आण्णा पाणाड्या. शिरूरपासून पार भांडगावच्या हायवेपर्यंत त्यांनी बोअरच्या जागा दाखवल्या होत्या. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ शेंडी वर करून उठला, की खाली पाणी. पाणी लागलं तर बिरोबाची कृपा. कोरडी धूळ उडाली तर मालकाचं मन साफ नव्हतं. असा धंदा बुडतो कसा?

त्याच साली एके दिवशी बडे बागायतदार बापूसाहेबांच्या ओट्यापुढं सगळी वस्ती लोटली होती. पाणी नव्हे, चेटकीण शोधायची होती. बापूसाहेबांच्या सुनेला, राजनंदिनीला, दातखिळी बसायची, हात ताठ व्हायचे. दवाखान्यात सगळे रिपोर्ट नॉर्मल. मग करणीच असणार, दुसरं काय!

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" आण्णा गरजले. रांगेत उभ्या केलेल्या बायांपुढून त्यांची स्वारी निघाली. पाऊल टाकायचं, डोळे फिरवायचे, मिशी थरथरवायची. पाण्यापेक्षा या कामाला रुबाब जास्त, हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं होतं. तुळजाबाईंसमोर ते थांबले आणि नारळ हळूहळू उठून बसला.

"उठला! उठला!" गर्दी ओरडली.

तुळजाबाई म्हणजे बापूसाहेबांची विधवा चुलतभावजय. नदीकाठचा एक तुकडा तिच्या नावावर होता. बापूसाहेबांची पाइपलाइन नेमकी तिथंच अडली होती.

"उद्या वस्ती सोडायची," बापूसाहेब म्हणाले.

"आण्णा," तुळजाबाई एक पाऊल पुढं आल्या, "तुमच्या लेकीच्या बाळंतपणाला उशाशी कोण बसलं व्हतं? आन् आज तुम्ही मला चेटकीण ठरवता?"

"म्या न्हाई बाई, नारळ बोलतोय," आण्णा म्हणाले. नारळाच्या आड लपता येतं, हा त्याचा आणखी एक गुण.

तेवढ्यात राजनंदिनीच्या खोलीतून सुषमा बाहेर आली. "आण्णा, बाईला चेटकीण ठरवणं कायद्यानं गुन्हा हाय. जेलात दशम्या घेऊन मी येनार न्हाई."

"पोरी, तुझं ते श्वासाचं पुण्यात कर," बापूसाहेब गुरकावले.

"करते की. पन मानेवर कुणाचा पाय असला, तर श्वास कुठनं घ्यायचा, बापूसाहेब? आधी पाय काढावा लागतो. आण्णा, नारळ खरा असंल तर डोळे बांधून बी सांगंल."

आण्णांना झोंबलं. "बांध! बिरोबाला डोळे लागत न्हाईत!"

तिनं उपरण्यानं डोळे बांधले, गर्दीला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं आणि त्यांचं कोपर धरून नेलं. "ही बापूसाहेबांची म्हैस हाय, आण्णा."

नारळ गाढ झोपलेला. समोर होत्या तुळजाबाई.

आणखी थोडं पुढं नेलं. "आता तुळजाबाई हाय."

नारळ ताठ उभा! आधी कुणीतरी फिस्स केलं, मग हसण्याचा नुसता लोंढा. आण्णांनी उपरणं ओढलं. समोर खुर्चीत, कडक इस्त्रीच्या कपड्यांत, बापूसाहेब बसले होते.

"नारळाला नजर लावली हिनं!" आण्णा ओरडले, पण ओरडण्यात जीव नव्हता.

सुषमानं त्यांना ओट्यावर बसवलं. "नारळ सोडा. डोळे मिटा, सावकाश श्वास घ्या. आता हात बघा, आतनं. तुळजाबाईचं नाव मनात घेतल्यावर काय व्हतं?"

या असल्या उद्योगाची आण्णांनी आजवर टवाळी केली होती. आज बसले.

"अंगठ्याच्या बुडाशी आवळतंय गं."

"आन् मनगट?"

"तिरकं व्हतंय."

"कोण करतंय?"

आण्णा बारीक आवाजात म्हणाले, "म्याच की."

सुषमा लोकांकडं वळली. "मनात जे धरलंय त्याकडं स्नायू आपसूक वळतात. आपल्याला कळत बी न्हाई. तळवा जरा आवळला, मनगट कललं, की नारळाचं जड बूड खाली घसरतं, शेंडी वर येती. ही लबाडी न्हाई. पन देव बी न्हाई."

"पन मनात हिचंच नाव कसं?" कुणीतरी विचारलं.

बापूसाहेब खाकरले. आण्णांनी त्यांच्याकडं पाहिलं. बापूसाहेबांच्याच रानात आण्णांच्या घरानं चार पिढ्या मेंढरं बसवलेली. बोललं तर चराई बंद. समोर तुळजाबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

"सकाळी चहा पिताना बापूसाहेब म्हणाले, तुळजीपुढं जरा निवांत थांबा," आण्णा मोठ्यानं म्हणाले. "म्या थांबलो. एवढाच माझा बिरोबा."

बापूसाहेब उठून आत गेले. वस्ती सोडण्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मेंढरांची चराई मात्र खरोखरच बंद झाली.

राजनंदिनीचं पाचव्या महिन्यात पोटातलं मूल गेलं होतं आणि घरात पाहुणे आहेत म्हणून तिला कुणी रडू दिलं नव्हतं. तो हुंदका जबड्यात अडकला होता. तुळजाबाई आत जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या, तेव्हा ती पहिल्यांदा रडली. दातखिळी लगेच थांबली नाही. सुषमाकडं उपचार चालू राहिले, डॉक्टरांनाही दाखवलं, महिने गेले. चमत्कार सुषमालाही येत नव्हता.

बोअरची जागा विचारायला कुणी आलं, की आण्णा म्हणायचे, "भूजलवाल्यांकडं जा. माझ्या अंगठ्याला पानी दिसत न्हाई. आन् कुणी बाईला चेटकीण म्हणालं, तर घाबरू नका, इचारा. ती गेल्यानं फायदा कुणाचा व्हतोय?"

तुळजाबाई दोन हजार पंचवीसच्या माघ महिन्यात, स्वतःच्या घरात, न्यूमोनियानं वारल्या.