आंबट पाणी, तेल आणि मी

मी एक जुने काचेचे नरसाळे आहे, मित्रांनो, आणि खरे सांगायचे तर आज मला बोलायचाही कंटाळा आला आहे. पण उद्या सकाळी मला पुन्हा कामाला जुंपणार आहेत. त्याआधी माझे चार शब्द ऐकून घ्या.

स्वयंपाकघरातले नरसाळे म्हणजे नुसती वाट. वरून आले, खालून गेले. माझे तसे नाही. मला थेंबासारखे पोट आहे, वर बूच आहे आणि खाली काचेचा नळ आहे. ज्या कारागिराने मला फुंकून घडवले, त्याने नळाची चावी माझ्याच अंगावर घासून घासून बसवली. ती दुसऱ्या नरसाळ्याला बसत नाही आणि मलाही दुसरी चालत नाही. म्हणून ती दोऱ्याने मला बांधलेली असते.

त्या कारागिराकडून माझी रवानगी औषधांच्या प्रयोगशाळेत झाली आणि मी ताईच्या हाती पडले. तिला सगळेच ताई म्हणत. जनावरांच्या पोटातल्या जंतांवर औषध शोधणे हे तिचे काम. ती माझ्या पोटात पाणी ओते, त्यावर तेलासारखा एक उग्र वासाचा द्रव ओते, चिमूटभर औषध टाके आणि मला असे उलटेपालटे घुसळे की चक्कर यावी. मग कड्यात टांगून ठेवी. हळूहळू तेल वर येई, पाणी खाली राही. औषधाचे सूत कोणाशी जुळले, तेलाशी की पाण्याशी, तेवढेच तिला हवे असे. नळ उघडून ती पाणी काढून घेई आणि त्यात किती औषध उरले ते मोजायला जाई.

एवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे तुम्ही म्हणाल. जंताची कातडी पाण्याला सहजी आत घेत नाही. औषध नुसते पाण्याचेच असेल तर ते कातडीवरून वाहून जाते. नुसते तेलाचेच असेल तर पोटातल्या रसात विरघळत नाही, मग जंतापर्यंत पोचणार कसे? दोन्ही घरी ज्याचे जमते ते औषध कामाचे. माझ्या पोटातून कितीतरी भुकट्या नापास होऊन बाहेर पडल्या. त्यांचे मला फारसे सोयरसुतक नव्हते.

मग एक दिवस एक मेंढपाळ काका एक कोकरू कडेवर घेऊन दारात आले. कोकराची पापणी त्यांनी उलटून दाखवली, तर आत लाली नावाला नव्हती. जंतांनी त्याचे रक्त पिऊन टाकले होते.

"ताई, जुनी औषधं सगळी पाजून झाली. आता अख्खा कळप असाच पांढरा पडत चाललाय," काका म्हणाले. "खोटा धीर देऊ नका. मेंढ्या वाचतील का, ते सांगा."

ताईजवळ एक नवी भुकटी होती, तिने स्वतः बनवलेली. तिची सारी आशा त्या भुकटीवर. पण मी तिला निराश केले. भुकटी पाण्यातच ठाण मांडून बसली, तेलाकडे ढुंकूनही बघेना.

"सोड हिचा नाद," विभागाचे सर म्हणाले. "पाणी सोडत नाही, ती जंतात काय शिरणार?"

कोकरू वाचले नाही. काकांना विचारून ताईने त्याचे पोट उघडून पाहिले. परत आली तेव्हा माझ्यासमोर उभी राहून ती आपले हात हुंगत राहिली. धुतले तरी आंबट वास जात नव्हता.

"सर, आपण नरसाळ्यात पाणी कुठलं घालतो?"

"नेहमीचं. शुद्ध."

"जंत शुद्ध पाण्यात राहतो का, सर? तो मेंढीच्या जठरात राहतो. तिथलं पाणी आंबट असतं."

सरांनी स्वतः उठून आम्लाची बाटली तिच्यापुढे ठेवली. "इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही गं," ते म्हणाले.

साध्या पाण्यात त्या भुकटीच्या कणांवर विजेचा भार येत होता आणि भार आला की कण पाण्याला चिकटून राहतात. आंबट पाण्यात तो भार उतरला. ताईने मला घुसळले, टांगले आणि श्वास रोखून बघत बसली. या खेपेला बरेचसे औषध तेलात गेले, थोडे पाण्यात राहिले. अगदी हवे तसे.

पुढची तपासणी पार पडली, औषध कळपापर्यंत गेले आणि मेंढ्यांच्या पापण्या पुन्हा लाल झाल्या. पाहुणे आले की सर मला दाखवत. काही वर्षांनी माझेच काम करणारे एक मोठे यंत्र आले. कानामागून आले आणि तिखट झाले! माझी जागा कपाटात गेली. गरज सरो, वैद्य मरो, असे मी सुरुवातीला पुटपुटले. नंतर मात्र त्या अंधारात मला बरे वाटू लागले. किती घुसळून घ्यायचे एखाद्याने?

काल ताईने कपाट उघडले. तिचे केस पांढरे झाले आहेत. दारात काका उभे होते, कडेवर कोकरू. पापणी पांढरीफटक. ये रे माझ्या मागल्या!

"तेच औषध पाजलं, ताई. आता उतारच पडत नाही."

"किती पाजत होता?"

"सगळ्यांना सारखंच. सगळ्यात बारक्या मेंढीचं वजन धरून. म्हटलं, तिला जास्त व्हायला नको, जीव नाजूक तिचा."

ताई रागावली नाही. मायेपोटी झालेल्या चुकीवर रागवायचे तरी कसे? थोराड मेंढ्यांना औषध अपुरे पडले. त्यांच्या पोटातले दुबळे जंत मेले, चिवट तेवढे उरले, आणि वर्षानुवर्षे त्यांचीच पिलावळ वाढली. अर्धवट मार खाऊन शत्रू निर्ढावतो, तसे झाले.

मोठे यंत्र दुरुस्तीवाल्याची वाट बघत बसले आहे. म्हणून ताईने मला धुतले, कोमट पाण्यात धरून अडकलेली चावी हळूच सोडवली आणि नवा दोरा बांधला. उद्या पुन्हा आंबट पाणी, पुन्हा नवी भुकटी. ती जमेल का, मला माहीत नाही. ताईलाही माहीत नाही. काका मात्र कोकराला मांडीवर घेऊन बाहेर ओट्यावर बसून आहेत.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याकडे मागणे मागतात की आम्हाला विसरू नका, आमच्यावरची धूळ झटका. माझे मागणे उलटे आहे. औषध पाजाल तेव्हा ज्याला जेवढे सांगितले तेवढे पुरते पाजा. माणसाला, मेंढीला, कोणालाही. आणि मला कपाटात धूळ खात पडू द्या. मी तिथे पडून असेन, तोवर कुठेतरी कोकरांच्या पापण्या लाल असतील.