आवाज थांबवलेली गाडी

सुज्ञ वाचकहो, एका जुन्या मोटारीतील जीर्ण नमदा, म्हणजे धग आणि आवाज अडविणारा लोकरीचा जाड थर, बदलण्याच्या साध्या कामाची, आणि त्या कामात प्रेमापोटी घडलेल्या एका चुकीची हकीकत येथे यथामती निवेदन केली जात आहे. ती शांत चित्ताने वाचावी, ही प्रार्थना.

एका गल्लीच्या टोकाला एक कुशनवाला राहत असे. मोटारींच्या आसनांना नवे कापड चढविणे हा त्याचा व्यवसाय. त्याच्या थोरल्या बंधूंपाशी गोल पाठीची एक जुनी मोटार होती. तिच्या गालिच्याखालचा नमदा कुजला होता, इंजिनाकडचा जळून काळा पडला होता आणि दारांची रबरे वाळून तडकली होती. त्यामुळे आत बसणाऱ्याच्या वाट्याला धग आणि खडखडाट यांखेरीज काहीही येत नसे.

आईविना पोरक्या झालेल्या ह्या कुशनवाल्यास ज्या वहिनीने लहानाचे मोठे केले, तिचे दुखणे आता विकोपास गेले होते. परगावी अंथरुणाला खिळलेल्या आपल्या थोरल्या बहिणीला, आक्काला, एकदा डोळे भरून पाहावे, एवढीच तिची इच्छा उरली होती. परंतु जराशा आवाजानेही तिच्या मस्तकात घण पडत. डॉक्टर म्हणाले होते, न्यायचे तर लवकर न्या.

"धाकट्या, जमेल ना रे तुला?" दादाने विचारले.

"दादा, अशी गप्प करतो गाडी, की तुझं घोरणंसुद्धा तिच्यात भोंग्यासारखं वाटेल."

"मग यांना दुसऱ्या गाडीनं आणा, भावजी!" आतल्या खोलीतून वहिनीचा क्षीण आवाज आला, आणि तिघेही हसले.

धाकट्याने गाडी आतून रिकामी केली. कुजका नमदा खरवडून काढला, पत्र्याचा गंज घासला, कागदाच्या मापाने नवा नमदा कापला आणि तो सोल्युशनने चिकटविला. सोल्युशन लावल्यावर दारे सताड उघडी ठेवून त्याचा उग्र वास पुरता जाऊ द्यावा आणि मगच रबरे बसवावीत, हा ह्या धंद्याचा नियम त्याला तोंडपाठ होता. परंतु माणूस मायेच्या घाईत सापडला की नियम डोळ्यांआड होतो. त्याने त्याच संध्याकाळी रबरे बसविली. दार लावताच बाहेरचा रस्ता जणू मुका झाला. त्या आनंदात, धूळ बसू नये म्हणून, त्याने काचा वर करून गाडी सकाळपर्यंत बंद ठेवली.

सकाळी वहिनीला उशांच्या आधाराने बसविले.

"अगंबाई, खरंच की! कानात कापूस घातल्यासारखं वाटतंय," ती कौतुकाने म्हणाली.

पण इंजिन तापले, तसा नमद्यात मुरलेला वास उसळून वर आला. गल्लीचे वळण येण्यापूर्वीच तिचा श्वास कोंडला. काचा उघडल्या तरी ढास थांबेना. दादाने तिला उचलून घरी आणले.

"मी सगळा नमदा आत्ता उपटून टाकतो," धाकटा रडकुंडीला येऊन म्हणाला. "खडखडत का होईना, आज पोहोचू."

"खबरदार हात लावाल तर!" वहिनी म्हणाली. "इतकं जीव ओतून केलंत. वास काय, जाईल उद्या-परवा. आक्का कुठे पळून जातेय? तीही माझ्यासारखीच पडून आहे."

तिचा शब्द त्याने आजवर मोडला नव्हता. तो याही वेळी मोडला नाही. दारे उघडून त्याने पंखा लावला. घटकेघटकेला आत डोके घालून तो वास घेई. वास हळूहळू विरत होता. वहिनी मात्र त्याहून वेगाने खंगत होती.

अखेर एका दुपारी गाडीत नव्या लोकरीखेरीज कसलाही वास उरला नाही. सांगायला तो धावत घरी गेला. दादा उंबऱ्यावर बसला होता.

"दादा, वास गेला!"

दादाने वर पाहिले. "आता कुणाला सांगतोस रे?"

सर्व आटोपल्यावर आक्काला प्रत्यक्ष जाऊन सांगणे भाग होते. दादा गाडी चालवू लागला, धाकटा मागे बसला. पूर्वीच्या खडखडाटात माणूस हुंदके देऊन रडला असता, तरी शेजाऱ्याला कळले नसते. आता मात्र दादाने गिळलेला प्रत्येक हुंदका मागे स्पष्ट ऐकू येत होता. काही वेळाने दादाने आपल्या बाजूची काच खाली केली. रस्त्याचा गोंगाट आत शिरला. धाकट्यानेही आपली काच खाली केली.

कथा येथे संपली. आपण आपला अमूल्य वेळ दिलात, याबद्दल मी सर्व वाचकांचा अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
नाना रंगारी