गुडघ्यांसाठी

माझं मत कोणी बदलू शकत नाही, असं मी बँकेतून निवृत्त होताना भाषणात ठणकावून सांगितलं होतं. भाषण यमूने, म्हणजे माझ्या बायकोने, लिहून दिलं होतं.

निवृत्तीनंतर मी घराजवळच्या बागेत सकाळी फिरायला जाऊ लागलो. तिथे देवराव गाठायचे. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला भला माणूस, पण मी आमच्या सोसायटीचा सचिव व्हावं, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. ते नेहमी मागून यायचे. म्हणून एका सकाळी मी तोंड फिरवलं आणि उलटा चालू लागलो. ते दुरूनच दिसले की पाय उचलायचे, एवढाच बेत.

वरच्या मजल्यावरच्या सिंधूताईंनी हटकलं. "भाऊजी, असे उलटे काहून चालून राहिले?"

देवराव त्यांचे मामेभाऊ. खरं कसं सांगणार?

"गुडघ्यांसाठी," मी म्हणालो. तेवढ्यावर थांबावं की नाही? "जपानमध्ये सगळे असेच चालतात," हेही जोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सिंधूताई उलट्या. आठवडाभरात त्यांनी जाहीर केलं, "मले जिना चढताना आता काहीच होत नाही!" मग काय, अख्खी बाग उलटी फिरू लागली. लोक मला विचारायला येत, आधी चवडा टेकवायचा की टाच? मी सांगायचो. या विषयावर माझी चांगली ठाम मतं तयार झाली होती.

"पण तुमचे गुडघे दुखत कधी होते?" यमूने विचारलं.

"आता दुखत नाहीत ना? तेच तर!" मी म्हणालो, आणि हे मला मनापासून पटलेलं होतं. एकदा भाजी आणायला सरळ चालत गेलो, तर डावा गुडघा कुरकुरला. घाबरून परतीची वाट उलटी चाललो. पिशवीसकट.

शेवटी व्हायचं ते झालं. मी मागे कोण येतंय ते बघतोय, आणि देवराव पुढून माझ्याकडे पाठ करून येत होते. त्यांनीही सुरू केलं होतं. पाठीला पाठ आदळली. ते जागचे हलले नाहीत. मी कुंपणाच्या मेंदीत.

मनगट सुजलं. देवरावांनीच स्कूटरवर बसवून नेलं. चालत्या स्कूटरवरून पळून जाता येत नाही. दवाखाना येईपर्यंत मी सचिव झालो होतो.

"कसे पडलात, काका?" डॉक्टर अदितीने पट्टी बांधताना विचारलं.

"उलटं चालताना."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"बागेतले सगळेच चालतात," मी म्हणालो. आणि त्या क्षणी मला त्या लोकांचा खरोखर राग आला.

मनगट बरं झाल्यावर मी बागेत सगळ्यांना थांबवलं आणि खरं ते सांगून टाकलं: जपान माझ्या मनचं, गुडघ्यांचंही मनचंच, मी फक्त देवरावांना टाळत होतो.

कुणी हसलंही नाही.

"पडले ना, म्हणून हिंमत गेली त्यांची," सिंधूताई हळहळल्या.

"मले टाळून राहिले होते?" देवराव म्हणाले. "काय मजाक करता गा! सुरुवातीले सारे पाठ दाखवत जात होते, तुम्ही एकटे माझ्याकडे तोंड करून चालत होते. मले वाटे, या माणसाले माझ्याशी बोलायचं आहे. म्हणून तर मी तुमचा पिच्छा सोडला नाही."

सगळे वळले आणि उलटे निघाले. मी एकटा सरळ चालू लागलो. पुढच्या साऱ्यांची तोंडं माझ्याकडे. सगळे माझ्याकडे बघतायत, कीव केल्यासारखे. सिंधूताई तर मान हलवत होत्या.

मी अर्धी फेरी कशीबशी काढली. मग वळलो. चवडा आधी.